फुगवट्याची भिंत

अंबादासचा फोन आला तेव्हा मी कोलंबी सोलत होते, म्हणून माझ्या लेकीने, मानसीने, तिचा फोन माझ्या कानाला धरला.

"मावशी, खूशखबर! मरोळची पार्टी तीस तारखेला रूम खाली करतेय. नवी पार्टी तयार बसलीय. हॉलमधल्या भिंतीचा तो फुगवटा तेवढा फोडून एकदम चकाचक करून घेतो. हो म्हणा, उद्याच माणूस लावतो."

मी कोलंबीच्या हातानेच फोन हिसकावून घेतला. "मेल्या, त्या भिंतीक हात लावलंस तर याद राख!" असं म्हणाले आणि ठेवून दिला. मानसीच्या फोनला दोन दिवस वास येत होता आणि मानसी दोन दिवस माझ्याशी बेताने बोलत होती.

त्या भिंतीचं सांगायला हवं. मरोळची रूम आमच्या ह्यांनी गिरणी बंद पडल्यावर घेतली. हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, संपलं. एकदा शेजाऱ्यांचं पाणी मुरून हॉलच्या भिंतीचं प्लास्टर ढासळलं. गवंडी आणू या म्हटलं, तर हे म्हणाले, "हॅट, गवंडी कशाला? दोन रविवारांचं काम." मागावरचा माणूस. उभं आयुष्य सूत सरळ धरलं, पण सिमेंट काही त्यांना सरळ धरता येईना. स्वयंपाकघराच्या दारापासून दोन पावलं अलीकडे, बरोबर हाताच्या उंचीवर, भाकरीएवढा फुगवटा राहिला तो राहिलाच. कोणी पाहुणा आला की मी मुद्दाम दाखवायची, "बघा, आमच्या भिंतीला दिवस गेलेत." हे हसायचे आणि फुगवट्यावरून हात फिरवायचे. शेवटी शेवटी चालवत नव्हतं तेव्हा त्यालाच टेकून उभे राहायचे.

ह्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही असं पुटपुटले की सासूबाईंनी परत घ्यायला लावलं. त्यानंतर आधी 'अहो' आणि मग 'मानसीचे बाबा', यावर त्रेचाळीस वर्षं निघाली.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. मानसी मला मुलुंडला घेऊन आली आणि रूम भाड्याने द्यायचं काम तिथल्याच ओळखीच्या एजंटला, या अंबादासला दिलं. स्टॅम्प पेपरवर रीतसर करार झाला. भाडेकरू शोधायचा, कागदपत्रं करायची, पोलिसांकडे नोंद करायची, दुरुस्ती बघायची, सगळं त्याने. कुणालाही करार सोडायचा असेल तर महिनाभर आधी लेखी कळवायचं. मी त्याला रडत रडत एकच गोष्ट सांगितली होती, "त्या भिंतीला कोणी खिळा मारायचा नाही." त्याने हात जोडले. "शब्द आहे, मावशी."

नंतर दर अकरा महिन्यांनी तो अंगठ्याचं मशीन घेऊन मुलुंडला यायचा, माझा ठसा घ्यायचा, फोटो काढायचा आणि नवीन भाडेकरूचं नाव सांगायचा. आधीचा का गेला विचारलं की म्हणायचा, "पार्टी बरोबर नव्हती, मावशी. तुम्ही त्रास घेऊ नका, मी आहे ना." मीही घेतला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं मला फार सोयीचं वाटलं. खरं सांगायचं तर ह्यांच्याशिवाय त्या घरात पाऊल टाकायची माझी छाती होत नव्हती.

पण भिंत फोडणार म्हटल्यावर राहवेना. कोणालाही न सांगता मंगळवारी दुपारी निघाले. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. आपली भिंत एकदा डोळ्यांनी बघायची आणि भाडेकरणीला "मी मालकीण" म्हणून सांगायचं, एवढंच ठरवलं होतं.

दार उघडलं ते पस्तिशीच्या एका बाईने. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात वरणाची वाटी.

"एजंटने पाठवलं ना? या, या. पण लवकर बघून घ्या हां मावशी, माझी जेवणाची सुट्टी पाऊण तासाची आहे."

मी तोंड उघडायच्या आत ती वळलीसुद्धा. रूम खाली होणार म्हणून महिनाभर माणसं बघायला येत असणार, त्यातलीच मी एक. हीच उत्तरा. माझ्या पासबुकात दर महिन्याला हिचंच नाव उमटायचं.

जिने चढून धाप लागली होती. समोर खुर्ची दिसली, मी टेकणार तोच ती ओरडली, "अहो, तिथे नको! तिथे बाबा आहेत."

खुर्चीवर हार घातलेला फोटो होता. पाठीला टेकवून, पडू नये म्हणून खाली उशी लावून ठेवलेला. पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ माझ्याकडे बघत होता.

"भिंतीवर का नाही लावला गं?" मी विचारलं.

"मालकीणबाई खिळा मारू देत नाहीत. अकरा महिने झाले, बाबा खुर्चीवरच आहेत." ती हसली, पण कडू हसली. "घर झकास आहे मावशी, खोटं कशाला सांगू? पाणी आहे, हवा आहे. मालकीणबाई तेवढ्या सांभाळा. वाट लावतात माणसाची."

दिवाणावर तिची आई बसली होती. असेल सत्तरीपुढची. डोळे उघडे, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी दिसायचं बंद झालं, उत्तरा म्हणाली. म्हातारीचं उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं.

"हे काय झालं?"

"बाथरूममध्ये पडली. भिंतीला धरायला एक दांडी लावू द्या म्हणून मी तीनदा विचारलं. एजंट म्हणाला, मालकीणबाईंना फोन केला होता, भोक पाडायला सक्त नाही म्हणाल्या. चौथ्यांदा विचारायच्या आत आई पडली."

मला असा फोन कधी आला नव्हता. एकदाही नाही. पण हे सांगायचं तर मालकीण मीच, हेही सांगावं लागलं असतं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

"थांबा, दाखवतेच तुम्हाला," असं म्हणत उत्तराने कपाटातून करारनामा काढला. त्यावर माझा फोटो होता, अंबादासच्या मशीनने काढलेला. काळाकुट्ट चेहरा, ओठ आवळलेले, डोळे वटारलेले. त्या दिवशी माझी दाढ दुखत होती. "बघा, फोटोतच दिसतं की नाही?"

"दिसतं खरं," मी म्हणाले. माझी मलाच भीती वाटली.

"मग सोडताय ते त्यांच्यामुळे?" मीच पुढे विचारलं.

"आम्ही कुठे सोडतोय? त्या अकरा महिन्यांच्या वर कुणाला ठेवतच नाहीत. चार वर्षांत आईचं हे तिसरं घर. इथे कंपनी पाच मिनिटांवर आहे, दुपारी येऊन हिला जेवायला वाढते. आता नालासोपाऱ्याला रूम बघितलीय. तिथून दुपारी कशी येणार? डबा भरून ठेवायचा आणि दिवसभर देवाचं नाव घ्यायचं."

तेवढ्यात आई उठली. "पाहुण्या दमल्यात. पाणी आणते," म्हणाली.

"ताई, बसा हो," मी म्हटलं, पण उत्तराने मला हाताने थांबवलं. "आणू दे. तिला आवडतं."

म्हातारीने तळहात भिंतीला लावला आणि चालायला लागली. खुर्चीपाशी आली तेव्हा थांबून, चाचपडून तिला वळसा घातला. मग पुन्हा हात भिंतीवर. फुगवटा लागल्याबरोबर तिचा चेहराच बदलला. एखादं ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"हा लागला ना," ती मला सांगायला लागली, "की दोन पावलांवर स्वयंपाकघर. परत येताना लागला की आठ पावलांवर दिवाण. आधीच्या घरांच्या भिंती कशा गुळगुळीत, कुठूनही हात लावा, सगळ्या सारख्याच. तिथे मी बसवलं तिथे बसून असायची, पाण्यालाही हाक मारायची. ज्याने कोणी ही भिंत केली ना बाई, त्याच्या हातून देवानेच करून घेतली."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, कारण उत्तराला माझा चेहरा दिसू द्यायचा नव्हता. आत अंधार होता. मी दिवा लावला. म्हातारी माठाशी क्षणभर थबकली, मग तिने पेला भरून माझ्या हातात दिला. एक थेंब सांडला नाही. तो फुगवटा मी वीस वर्षं चारचौघांत हसण्यावारी नेला होता. पाणी कसंबसं गिळलं आणि "बघते मी," एवढंच म्हणून बाहेर पडले. जिन्यात मात्र थांबले आणि पदराने तोंड दाबून रडले.

मग डोळे पुसले आणि तडक अंबादासचं दुकान गाठलं. रडल्यावर मला राग जास्त चढतो.

दुकान म्हणजे अर्धं झेरॉक्सचं, अर्धं याचं. भिंतीवर फळी, फळीला खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला कुणाच्या ना कुणाच्या घराची किल्ली. याच्या स्वतःच्या भिंतीला चाळीस खिळे होते! प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. माझी मला लगेच सापडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मरोळ, मावशी, खिळा नाही'.

"अरे मावशी! तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं ना. चहा सांगू?"

"चहा नको. दांडीसाठी मला फोन केला होतास तू?"

तो जरा चपापला, पण सावरला. "दांडी... हां, ती पार्टी. मावशी, तुमचा वेळ कशाला घालवायचा? तुमचं धोरण मला माहीत आहे ना."

"माझं धोरण? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तू तीन वर्षं लोकांवर गोळ्या झाडतोस, आणि धोरण माझं?"

"असं कसं बोलता? खिळा नको हे तुम्हीच म्हणाला होतात ना? माझ्यासमोर रडला होतात."

"एका भिंतीला म्हटलं होतं मी!"

"मावशी, चाळीस घरं आहेत माझ्याकडे. कुणाची कुठली भिंत कुठे लक्षात ठेवू? आणि अकरा महिन्यांचं म्हणाल तर माणूस बदलता ठेवलेला बरा. नाहीतर मांडी घालून बसतात."

"आणि दर वेळी नवीन माणूस आला की तुझी दलाली नव्याने. ते सांगायचं राहिलं."

त्याने फळीवरच्या किल्ल्या उगाचच सारख्या केल्या. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी आलात का बघायला? आला असतात तर मलाही वचक राहिला असता."

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवली. पण म्हणता येईना. बोंब खरी होती.

मी झेरॉक्सवाल्या मुलीकडून कोरा कागद मागितला आणि तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. श्री. अंबादास यांस, स. न. वि. वि. आपल्यात झालेला करार मी या पत्राने संपवत आहे. माझ्या घराची किल्ली आज परत घेतली. यापुढे माझ्या वतीने कुणालाही काहीही सांगू नये, विशेषतः नाही असं सांगू नये. कळावे. सुगंधा. लिहून झाल्यावर त्या मुलीकडून एक प्रत काढून घेतली आणि तिच्यावर त्याची सही मागितली.

"महिन्याची मुदत आहे करारात," तो म्हणाला.

"असू दे की. महिनाभर तू काहीएक करू नकोस. तेवढं जमेल ना तुला?"

"आणि नव्या पार्टीला काय सांगू? माझा शब्द गेलाय, यार... म्हणजे, मावशी."

"सांग, मालकीण कडक आहे. तुझं पाठच आहे ते."

त्याने सही केली, किल्ली काढून दिली. मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाला, "मावशी, काकांनी मला एकदा ती भिंत दाखवली होती. फार कौतुक होतं त्यांना." मी मागे वळले नाही. वळले असते तर चहा घ्यावा लागला असता, आणि चहा घेतला की माझा राग उतरतो.

हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमची दांडी घेतली, ती बसवायला सकाळी माणूस पाठवतो म्हणून दुकानदाराकडून कबूल करून घेतलं, आणि पुडीत बांधून चार लांब खिळे घेतले. सहा वाजता उत्तरा कामावरून आली तेव्हा मी तिच्या दाराशी उभी होते. किल्ली मुठीत होती, पण लावली नव्हती. घर माझं असलं तरी राहत ती होती.

"तुम्ही? परत?"

"मी सुगंधा," मी म्हणाले. "त्या फोटोतली. त्या दिवशी दाढ दुखत होती माझी."

तिला कळायला क्षणभर लागलं. मग तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दुपारी तुम्ही सगळं ऐकून घेतलंत? मला बोलू दिलंत? आणि आता काय, ही दांडी? आईचं मनगट सरळ होणार आहे का तिने?"

आतून म्हातारीचा आवाज आला. "उत्तरा, त्यांना आत घे. मला दुपारीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे. नवीन माणूस चाचपडतं. यांनी आत पाऊल टाकलं आणि टक् आवाज आला. चाचपडावं लागलंच नाही. म्हटलं, ही या घरात राहिलेली बाई."

मी आत गेले आणि उभ्यानेच बोलले, कारण बसून बोलण्यासारखं ते नव्हतं. "अंबादासला आज काढून टाकलं. हा त्याच्या सहीचा कागद. दांडीचा फोन मला कधी आला नाही, अकरा महिन्यांचा नियम माझा नाही. पण खिळ्याचं मी म्हटलं होतं. एका भिंतीसाठी म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. आणि तीन वर्षांत एकदा येऊन बघितलं नाही, तेही माझंच. ताई, तुमच्या मनगटाला मी जबाबदार आहे. तुम्ही जाऊ नका. कागद आपण दोघी मिळून करू, हव्या तेवढ्या मुदतीचा."

उत्तरा कागद वाचत होती. दोनदा वाचला. "नालासोपाऱ्याला शब्द दिलाय मी," असं म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"मी येते तुझ्याबरोबर त्यांना सांगायला. मी कडक आहे. ऐकतील."

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मग डोळे भरले, मग ती ओट्याकडे तोंड करून उगाचच चहाचं भांडं घासायला लागली.

मी खुर्चीवरच्या गृहस्थांना नमस्कार केला, फोटो उचलला. "कुठे लावायचा, ताई?"

म्हातारी उठली. भिंत चाचपत फुगवट्यापाशी गेली आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर बोट टेकलं. फोटो लावायची जागा तिथे नसते, सगळे वर लावतात. पण ती म्हणाली, "इथे. जाता-येता हात लागला पाहिजे. वर लावून मला काय?"

हातोडी नव्हती, म्हणून खलातला बत्ता घेतला. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. गिरणीतल्या माणसाने सिमेंटचं प्रमाण कुणाला विचारलं होतं? असेल तेवढं सगळं घातलं होतं. "गेले तरी हट्ट सोडत नाहीत," मी पुटपुटले आणि तिसरा खिळा दणकून मारला. तो गेला. त्याच भिंतीत, मीच मारलेला. मला वाटलं होतं दुखेल. नाही दुखलं.

फोटो लागला. खुर्ची वाटेतून बाजूला झाली आणि म्हातारीने मलाच तिच्यावर बसवलं.

"कुणी केली होती भिंत?" तिने विचारलं.

"आमच्या ह्यांनी."

"नाव काय त्यांचं?"

उत्तरा भांडं घासायची थांबली.

"अहो, दिवसातून दहा वेळा त्यांच्या कामाला हात लावते मी. नाव तर कळू दे."

त्रेचाळीस वर्षांची सवय जिभेवर बसली होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि म्हणाले.

"ऐकू नाही आलं," म्हातारी म्हणाली. "परत सांगा."

सासूबाईंनीही असंच परत घ्यायला लावलं होतं. तेव्हा लाज होती. आता कुणाची?

"काशीराम," मी मोठ्याने म्हणाले.

म्हातारी उठली. हात भिंतीवरून सरकत गेला, आधी फोटोच्या चौकटीला लागला, मग फुगवट्यावर येऊन थांबला.

"काशीरामभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या बाईंना पाणी आणते हां," आणि दोन पावलं मोजून स्वयंपाकघरात गेली.